पंच म्हणून माझी सही

"तुमची कसली?" शेजारच्या बाईनं विचारलं.

कोर्टाच्या जिन्याखाली एक लांब बाकडं होतं. त्यावर बायकाच बसत. तसा कुठं नियम लिहिलेला नव्हता, पण पुरुष वकिलांच्या मागं व्हरांड्यात उभे राहायचे आणि बायका जिन्याखाली. बाकड्यावर बसलेल्या बाईची केस तीनपैकी एक असणार असं सगळे धरून चालत: पोटगी, भाऊबंदकी, नाहीतर नवऱ्याची मारहाण.

"भाऊबंदकी," मी म्हणाले. "बांधाचं भांडण आहे."

मला शेत नाही, त्यामुळं बांध नाही, आणि भाऊ तर देवानं दिलाच नव्हता. पण साळोखे हवालदारांनी निघताना बजावलं होतं, की सरकारी साक्षीदारानं कोर्टाच्या आवारात कुणाशी बोलायचं नाही, कुणी विचारलंच तर काहीतरी सांगून मोकळं व्हायचं. मी मोकळी झाले.

"आणि तुमची?"

"चोरीची," ती म्हणाली. मला दमा आहे असं सांगावं तसं. "राणीहार चोरलाय म्हणं मी. लग्नाच्या कार्यालयातनं."

माझ्या पर्समध्ये समन्स होतं. त्यावर लिहिलं होतं, सरकार विरुद्ध शेवंता रामू गुरव. पर्सची चेन लावलेलीच होती, ती मी पुन्हा एकदा लावली.

या गोष्टीला सोळा-सतरा वर्षं झाली. तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावी पोलीस ठाण्याच्या भिंतीला लागून माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची खोली. माझा नवरा गेला आणि सासरच्यांनी हात वर केले, तेव्हा ती जागा मला साळोखे हवालदारांनी मिळवून दिली होती. ठाण्याचं सगळं काम माझ्याकडं यायचं. मी आठवी नापास. कायदा शिकले तो झेरॉक्सच्या काचेवर. कागद काचेवर ठेवून झाकण पाडेपर्यंत चार ओळी वाचून होतात, आणि रोज चारशे कागद काचेवर ठेवले की माणूस आपोआप शहाणं होतं, निदान तसं त्याला वाटायला लागतं. साधी चोरी असेल तर तीनशे एकोणऐंशी, राहत्या जागेत शिरून केलेली असेल तर तीनशे ऐंशी, नोकरानं मालकाची केली तर तीनशे एक्क्याऐंशी. पहिल्याला तीन वर्षांपर्यंत, पुढच्या दोन्हींना सातपर्यंत. हे मला भाजीचे भाव पाठ असावेत तसं पाठ होतं.

आणि मी पंच होते. पोलीस काही जप्त करतात तेव्हा समोर उभं राहून बघणारा जो तिऱ्हाईत माणूस, तो पंच. त्यानं बघायचं आणि कागदावर सही करायची, म्हणजे कोर्टाला खात्री पटते. आरोपी बाई असली की पंचांतही एक बाई असलेली बरी, आणि ठाण्याजवळ सही करता येणारी, वेळेला हजर असणारी बाई मीच होते. साळोखे भिंतीवरून हाक मारायचे, "कुंदाताई, जरा पंच व्हा." शेजारीण साखरेची वाटी मागते तशी ती हाक असायची, आणि मीही तशीच वाटी भरून देत होते. पहिल्या एक-दोनदा मी खरोखर गेले होते. मग गिऱ्हाईक सोडून जाणं जमेना, जीपमध्ये जागाही नसायची, आणि साळोखे म्हणाले, कशाला ऊन लागून घेता, कागद तयार झाला की सही करा. तेव्हापासून मी दुकानात बसून घरं पाहिली, ट्रंका उघडलेल्या पाहिल्या, मोटारसायकली जप्त होताना पाहिल्या. सह्या मोजल्या नाहीत. मोजायला लागले असते तर करवल्या नसत्या.

त्या दिवशी न्यायाधीश साहेब रजेवर होते. पुढची तारीख मिळाली. निघताना शेवंताबाई मला म्हणाल्या, "बांधाचं मिटवून टाका बाई. भाऊ न्हाई ऱ्हात, बांध ऱ्हातोय."

मी हो म्हणाले.

दुसऱ्या तारखेला वकिलांचा संप निघाला आणि आम्ही दोघी दुपारपर्यंत बाकड्यावर होतो. त्यांनी फडक्यातली भाकरी सोडली आणि अर्धी माझ्यापुढं केली. मी नको म्हणाले. बांधाच्या भांडणात माणसानं उपाशी राहू नये, असं म्हणून त्यांनी ती माझ्या मांडीवरच ठेवली. मग बोलणं निघालं. कार्यालयात एकोणीस वर्षं काम. लग्नसराईत भांडी आणि खोल्यांची झाडलोट, एरवी नुसती झाडलोट. नवरा जाऊन तेवढीच वर्षं झालेली, पोरबाळ नाही. एका लग्नात वरमाईचा राणीहार खोलीतून गेला. ती खोली सकाळी शेवंताबाईंनी झाडली होती. चौथ्या दिवशी पोलीस येऊन घेऊन गेले. अकरा दिवस आत होत्या, मग गिरणीवाला जामीन राहिला.

"वकील म्हणतोय सात वर्सं," त्या म्हणाल्या.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, कलमात सात आहेत, पण या कोर्टाला तीनच्या वर देताच येत नाहीत.

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "बांधाच्या भांडणात हे बी शिकीवत्यात?"

"झेरॉक्सचं दुकान आहे माझं."

"मग बरं हाय. तीन म्हंजे बी लईच झाली की."

त्यांचे वकील मुजावर. गरिबांना सरकार फुकट वकील देतं, त्या यादीतले. साठीचे, पांढरी दाढी, कोटाला दोनच बटणं. त्यांनी शेवंताबाईंना पहिल्याच भेटीत सरळ सांगून टाकलं होतं, की गुन्हा कबूल केलास तर पहिलाच गुन्हा आहे, वय आहे, माल परत मिळालाय, साहेब चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतील, तुरुंगाचं तोंडसुद्धा बघायला लागायचं नाही. खटला लढवलास तर मात्र दोन्हीकडं दार उघडं.

"मग का नाही केलंत कबूल?"

"मी त्यास्नी एकच इचारलं," शेवंताबाई म्हणाल्या. "कबूल केलं तर कार्यालयात परत घेत्याल का? ते म्हणले, ते काय कोर्टाच्या हातात न्हाई. मग म्हणलं, जे हातात न्हाई तेच मला पायजे हाय." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "एकोणीस वर्सं मी त्या जाग्यात मागच्या दारानं गेले आन मागच्याच दारानं आले. त्या दिवशी तेवढी जीपमदनं पुढच्या दारानं नेली. बायका कशा बघत हुत्या."

तिसऱ्या तारखेला त्यांनी मला पंचाबद्दल सांगितलं.

तोवर केस पुढं सरकली होती. हाराची मालकीण पुण्याहून येऊन हार ओळखून गेली होती. कार्यालयाचा मॅनेजर साक्ष देऊन गेला होता, की त्या सकाळी खोली हिनंच झाडली. राहिला होता तो पंचनामा. आरोपीनं स्वतः पोलिसांना आणि पंचांना घरी नेलं आणि हार काढून दिला, असा तो कागद होता. मुजावर वकिलांनी तो शेवंताबाईंना वाचून दाखवला होता, आणि सगळी केस या एका कागदावर उभी आहे असंही सांगितलं होतं. पंच दोघं. त्यातला पानवाला दुकान बंद करून सुरतेला निघून गेलेला, समन्स परत आलं होतं. उरली एक बाई.

"कोन कुठली बाई, देव जाणे," शेवंताबाई म्हणाल्या. "माझ्या घरात येऊन गेली म्हणं. मला दिसलीच न्हाई. भेटली तर इचारीन, चहा तरी घेतलास का गं माझ्या हातचा."

त्या हसल्या. मी हसले का ते आठवत नाही.

"आन हार कुठनं काढला म्हणं मी? पिठाच्या डब्यातनं."

"मग?"

"मग काय. माझ्या घरात पिठाचा डबाच न्हाई." त्यांनी फडक्याला हात पुसले. "एकटा जीव. गिरणीवाल्याच्या घरची भांडी घासती, त्याची बायको रोज दोन मुठी पीठ पदरात घालती. चुलीवर त्याच्या दोन भाकरी. साठवायला कुठनं आणू? वकिलास्नी म्हणलं तर ते म्हणले, डबा न्हाई हे दाखवायचं कसं? हाय ते दाखवता येतं, न्हाई ते कसं दाखवणार."

मी हातातली भाकरी फडक्यात परत ठेवली.

दुकानात आल्यावर मी कॉम्प्युटर सुरू केला. पंचनामे टाइपही मीच करायची, हे मी अजून सांगितलं नाही. साळोखे चिठ्ठी द्यायचे, मी जुनी फाइल उघडून त्यात नाव, वय, तारीख, वस्तू बदलायची. सगळे पंचनामे एकाच ठशाचे असतात, कुणी नवा लिहीत बसत नाही. मी जुनी फाइल उघडली. ती आधीच्या वर्षीच्या एका पाटल्यांच्या चोरीची होती. त्या वेळी मी खरोखर गेले होते. त्या बाईनं खरोखर पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला होता आणि पाटल्या वर काढताना पीठ तिच्या पायावर सांडलं होतं. ते बघून मला वाईट वाटलं होतं, म्हणून पंचनाम्यात मी ते नीट लिहिलं होतं: स्वयंपाकाच्या जागी, गॅसच्या डाव्या बाजूस, पिठाचा पत्र्याचा डबा.

शेवंताबाईंच्या वेळी साळोखे दारात उभे होते. अकरा वाजता लाइट जाणार होती, तेव्हा रोज साडेचार तास जायची. ते म्हणाले, ताई, उरका. मी नाव बदललं, वय बदललं, पाटल्यांच्या जागी राणीहार घातला. डबा राहून गेला. गॅससुद्धा तसाच राहिला. प्रिंट निघाली आणि लाइट गेली. त्या अंधारलेल्या खोलीत दारातल्या उजेडाला कागद धरून मी सही केली. लिहिणारी मीच आणि न वाचता सही करणारीही मीच.

त्या संध्याकाळी मी ठाण्यात गेले. साळोखे एकटेच होते. मी विचारलं, हार नक्की कुठं मिळाला होता?

त्यांना आठवायला वेळ लागला नाही. कार्यालयाच्या मॅनेजरनं आणून टेबलावर ठेवला होता. हिच्या पिशवीत सापडला म्हणाला.

"तुम्ही पिशवी बघितलीत?"

"हार बघितला. खरा हार हुता."

"मग पिशवी का नाही लिहिली?"

त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि ते चिडून नाही, शिकवावं तसं. दुसऱ्या कुणी आणून दिलेला माल कोर्टात टिकत नाही, वकील दोन मिनिटांत उडवतो. आरोपीनं स्वतः काढून दिला की टिकतो. म्हणून घर लिहायचं. डब्याचं मी सांगितलं तेव्हा मात्र ते मोठ्यानं हसले. मागच्या केसचा राहिला असेल म्हणाले. मग हसणं थांबवून म्हणाले, "ताई, डबा काय आन ट्रंक काय. माल तर मिळालाच का न्हाई?"

"तिच्याकडं मिळाला का?"

"दुसऱ्या कुणाकडं मिळालाय असं तर कोन म्हणालं न्हाई."

साळोखे वाईट माणूस नव्हते. नवऱ्याच्या दहाव्याला ज्यांनी स्वतःहून विचारलं, की ताई, आता पुढं काय, असे ते एकटेच होते. त्यांनी त्या दिवशीही मला धमकी दिली नाही. एवढंच म्हणाले, की सही तुमची आहे. नाही गेले म्हणालात तर खोट्या पंचनाम्यावर सही केलीत असं होतं, आणि गेले म्हणालात तर कुणाला काही होत नाही.

"तिला होतं," मी म्हणाले.

"तिनं चोरलाय ताई," ते म्हणाले. त्यांना तसं खरंच वाटत होतं.

मला तसं वाटत होतं का? चोरलाही असेल. बाकड्यावर अर्धी भाकरी देणारी बाई हार चोरत नाही, असं कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही. चार दिवस मी हाच विचार करत होते, झाकण उघडत आणि पाडत. शेवटी माझ्या ध्यानात आलं, की तिनं चोरला की नाही हे मला कुणी विचारणारच नाही. मला विचारणार ते मी काय पाहिलं एवढंच.

चौथ्या तारखेला आम्ही बाकड्यावर बसलो होतो, तेव्हा बेलीफनं दारातून पुकारा केला. आधी शेवंताबाईंचं नाव आलं. त्या उठल्या, पदर सारखा केला, येते म्हणाल्या आणि आत गेल्या. मग माझं नाव आलं. मी आत गेले तेव्हा त्या आरोपीच्या जागी, लाकडी कठड्याच्या आत उभ्या होत्या. मला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी चुकून आले असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी हातानं मला खूणही केली, की बाहेर थांबा.

मी साक्षीदाराच्या जागी जाऊन उभी राहिले. तो खूण करणारा हात तसाच कठड्यावर खाली आला.

शपथ झाली. सरकारी वकिलांनी कागद दाखवून सही कुणाची विचारलं. मी म्हणाले, माझी. अमुक दिवशी पोलिसांनी तुम्हाला पंच म्हणून बोलावलं होतं का? बोलावलं होतं. मग आरोपीनं तुम्हाला तिच्या घरी नेलं, बरोबर?

"नाही," मी म्हणाले. "मी तिच्या घरी कधीच गेले नाही."

न्यायाधीश लिहीत होते, ते थांबले. तरुण होते, चष्म्यावरून बघायची त्यांना अजून सवय झालेली नव्हती. त्यांनी मला पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मागच्या बाकावर साळोखे बसले होते. मी तिकडं पाहिलं नाही.

सरकारी वकील म्हणाले, साक्षीदार फितूर झाली आहे, उलट प्रश्न विचारायची परवानगी असावी. मला फितूर हा शब्द माहीत होता, कितीदा तरी टाइप केलेला. पण तो अंगावर घेऊन उभं राहणं वेगळं असतं. खोटी सही केली तेव्हा मी सरकारची साक्षीदार होते, आणि खरं बोलले तशी फितूर झाले. असो. त्यांनी विचारलं, आरोपीशी तुमची ओळख आहे?

"आहे."

"कुठली ओळख?"

"या कोर्टातल्या बाकड्यावरची."

त्यांना हवं ते मिळालं. किती तारखा शेजारी बसलात? चार. बोलत होता? हो. तिचं जेवण खाल्लंत? भाकरी खाल्ली. मग तिची दया येऊन तुम्ही आज खोटं बोलताय, असं म्हणणं बरोबर आहे?

"दया आलीय," मी म्हणाले. "खोटं बोलत नाही."

मग मुजावर वकील उठले. कोटाचं एक बटण लावलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"आरोपीला तुम्ही पहिल्यांदा कुठं पाहिलंत?"

"जिन्याखाली. आधीच्या तारखेच्या आधीच्या आधी."

"बस," म्हणून ते खाली बसले.

मी कठड्याला धरून उभीच राहिले. अजून एक प्रश्न राहिला होता. कागद मग लिहिला कुणी? त्याचं उत्तर मी घरून तयार करून आणलं होतं, बसमध्ये तीनदा मनात म्हटलं होतं. कुणीतरी विचारावं म्हणून मी न्यायाधीशांकडं बघितलं, मुजावरांकडं बघितलं. कुणी विचारलं नाही. आणि न विचारता बोलायचा धीर मला झाला नाही. खाली उतरल्यावर मुजावर वकील हळूच म्हणाले, बाई, हवं ते मिळालं की वकिलानं थांबायचं असतं, पुढं विचारलं की बिघडतं. त्यांच्या बाजूनं ते बरोबर होतं.

शेवंताबाई त्या दिवशी बाकड्याकडं न येता सरळ फाटकाकडं गेल्या.

ठाण्याचं काम दुसऱ्या दिवसापासून बंद झालं. भांडण नाही, तंटा नाही. साळोखेंची हाक भिंतीवरून येईनाशी झाली, एवढंच. हवालदाराचा पोऱ्या माझ्या दारावरून पुढच्या चौकात झेरॉक्स काढायला जायचा आणि जाताना मान खाली घालायचा.

महिन्याभरानं शेवंताबाई दुकानात आल्या. हातात कागदाची गुंडाळी. चौकातलं दुकान बंद होतं म्हणून आले, असं त्यांनी आधी सांगून टाकलं. मुजावर वकिलांनी निकालाची नक्कल दिली होती, तिची प्रत काढायची होती. मी कागद काचेवर ठेवले.

"वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. "शेवटचं तेवढं."

मी वाचलं. सरकार पक्षास आरोपीविरुद्धचा गुन्हा निःसंशयपणे शाबित करता आला नाही. सबब आरोपीस संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्त करण्यात येते.

"म्हंजे संशय हाय."

"आहे. पण तुम्ही सुटलात."

"सुटले ते वकिलांनी सांगितलं. मी हा कागद घिऊन कार्यालयात गेले हुते. मालकांनी, आप्पासाहेबांनी वाचला. म्हणले, शेवंता, कोर्टानंच लिवलंय बघ, संशय हाय." त्या स्टुलावर बसल्या. "त्यांचं तरी काय चुकलं? लिवलंयच की तसं."

मशीन गरम होऊन घरघरत होतं. मी ते बंद केलं. मग मी त्यांना सांगितलं. पाटल्यांची फाइल, लाइट जायची वेळ, राहून गेलेला डबा. गॅससुद्धा माझाच, हेही सांगितलं. कोर्टात एवढं सगळं सांगितलं असतं तर साहेबांनी कदाचित पंचनामा खोटा आहे असंच लिहिलं असतं, संशय लिहिला नसता. कोर्टात मी निम्मंच बोलले होते, कारण निम्मंच विचारलं गेलं होतं.

त्यांनी कॉम्प्युटरकडं बघितलं.

"ह्यातनं निघाला व्हय माझा डबा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्या शिव्या देतील. मी त्याची तयारी ठेवली होती. पण त्यांनी विचारलं, "दुकान किती वेळ बंद ठिवता येतं तुमास्नी?"

"का?"

"आज लगीन न्हाई. उद्या हाय. तयारी चालली असंल. सगळ्याजणी असतील. आप्पासाहेब बी असतील."

मी कुलूप लावलं. कार्यालय बसस्टँडच्या पलीकडं, चालत वीस मिनिटं. कमानीपाशी पोचल्यावर त्या सवयीनं मागच्या बोळाकडं वळल्या, दोन पावलं गेल्या, थांबल्या आणि परत येऊन पुढच्या दारानं आत शिरल्या. मी त्यांच्या मागं.

मंडपाच्या एका कडेला सात-आठ बायका लसूण सोलत बसल्या होत्या. आप्पासाहेब खुर्ची टाकून आचाऱ्याशी बोलत होते. ते जाडसर, सभ्य गृहस्थ. शेवंताबाईंना बघून त्यांचा चेहरा अवघडला. मी कोण, हे त्यांना कळेना. मी नाव सांगितलं, पंच म्हणून माझी सही होती असं सांगितलं. मग मी म्हणाले, "हार हिच्या घरात सापडला नाही. सापडला असं कागदात आहे, तो कागद मी लिहिला. दुसऱ्या केसमधनं उतरवला. मी काही बघितलेलं नव्हतं."

लसणाचं काम थांबलं होतं.

आप्पासाहेब म्हणाले, मग मॅनेजर पिशवीचं म्हणत होता ते? मी म्हणाले, ती पिशवी पोलिसांनी बघितली नाही, मी बघितली नाही. तुम्ही बघितलीत का?

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मॅनेजर तोवर नोकरी सोडून गेला होता. हार कुणी घेतला हे मला आजही माहीत नाही, आणि शेवंताबाईंना मी ते कधी विचारलं नाही.

"बस की शेवंता," आप्पासाहेब म्हणाले. "उद्यापास्नं ये पाहिजे तर. बघू आपण."

शेवंताबाई बायकांकडं बघत होत्या. एकेकीकडं, शांतपणे, खोली झाडायच्या आधी कुठं काय पडलंय ते बघावं तसं. कडेला बसलेली एक बाई, त्यांच्याच वयाची, हातातल्या पाकळीवर नख चालवत म्हणाली, "तरी मी म्हणतच हुते. शेवंता असलं करायची न्हाई."

शेवंताबाई तिच्यासमोर जाऊन उकिडव्या बसल्या.

"कुणाला म्हणत हुतीस गं?" त्यांनी विचारलं.

त्या बाईनं उत्तरासाठी इकडंतिकडं बघितलं. कुणीच तिच्याकडं बघत नव्हतं. शेवंताबाई वाट बघत बसून राहिल्या, आणि मीही तिथंच उभी राहिले, कारण मलाही ते ऐकायचं होतं.